सोन्याहून महाग मोटार

५ मे १९५५ रोजी तयार झालेली एखादी मोटारगाडी आज मोडीत घातली, तर तिचे काय मिळेल? लोखंड, ॲल्युमिनियम, थोडे तांबे. फार तर काही हजार रुपये. पण ५ मे २०२२ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात एक १९५५ सालची मोटार लिलावात विकली गेली, ती १३ कोटी ५० लाख युरोंना! तेव्हाच्या दराने हे हजार कोटी रुपयांहून अधिक झाले. गाडीचे वजन सुमारे एक टन. गणित करून पाहा: तेवढ्याच वजनाच्या सोन्याला त्या दिवशी याच्या निम्मेही पैसे पडले नसते. याआधी लिलावातला उच्चांक २०१८ साली एका फेरारी गाडीने गाठला होता, तो ४ कोटी ८४ लाख डॉलरचा.

या गाडीचे नाव '३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे'. अशा दोनच गाड्या बनल्या. दुर्मिळपणामुळे किंमत वाढते हे खरेच, पण दोनच का बनल्या, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर एका भीषण अपघातात आहे. तिकडे जाण्यापूर्वी गाडीची रचना पाहू.

रुडॉल्फ ऊलेनहाउट हे मर्सिडीजचे अभियंते. जन्म लंडनचा, १९०६ सालचा. शर्यतीची गाडी स्वतः वेगाने हाकून तिचे दोष शोधणारा हा माणूस होता. त्यांच्या गाड्यांची चौकट बारीक पोलादी नळ्यांची असे. लाकडाच्या चार पट्ट्या घेऊन टोकांशी एकेक खिळा मारा व चौकोन करा. बोटाने ढकलला तरी तो कलतो. आता एक तिरकी पट्टी मारा. दोन त्रिकोण झाले आणि चौकोन हलेनासा झाला. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो, आणि पुस्तकातल्या चार पानांहून अधिक शिकवून जातो. अशा त्रिकोणांची जाळी केली की थोड्या वजनात फार ताठपणा मिळतो. मात्र नळ्या बाजूने बऱ्याच उंच येतात, त्यामुळे नेहमीचा दरवाजा बसत नाही. म्हणून बिजागऱ्या छताला लावल्या. दोन्ही दारे उघडली की गाडी पंख पसरलेल्या पाखरासारखी दिसते. ती ऐट नव्हे, अडचणीतून काढलेली वाट आहे.

इंजिन आठ सिलिंडरांचे, सुमारे ३ लिटरचे आणि ३०० अश्वशक्तीचे. मिनिटाला सात-साडेसात हजार फेरे. या गतीला प्रत्येक झडप सेकंदाला साठएक वेळा उघडते व मिटते. नेहमीच्या इंजिनात झडप मिटवण्याचे काम स्प्रिंग करते. पण स्प्रिंगलाही परत यायला वेळ लागतो. गती फार वाढली की झडप पुरती मिटण्याआधीच पुन्हा उघडण्याची वेळ येते. येथे उघडायला एक कॅम आणि मिटवायला दुसरा कॅम, असा बंदोबस्त केला होता. स्प्रिंगवर भरवसाच नाही!

याच जातीची, पण उघड्या टपाची गाडी घेऊन १९५५ च्या मे महिन्यात स्टर्लिंग मॉस व डेनिस जेंकिन्सन यांनी इटलीतील मिले मिलिया शर्यत जिंकली. सुमारे १,६०० कि.मी. अंतर १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत! इंजिनाच्या गडगडाटात बोललेले ऐकू येत नसे, म्हणून शेजारी बसलेले जेंकिन्सन कागदाच्या गुंडाळीवर टिपून ठेवलेली वळणे हाताच्या खुणांनी सांगत होते.

आता थांबण्याची गोष्ट. गाडी व इंधन मिळून वस्तुमान १,१०० किलो धरा आणि वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५० कि.मी. गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, सुमारे २७ लाख ज्यूल येते. ही सगळी ब्रेकांत उष्णता होऊन उतरली, तर तेवढ्या उष्णतेत ३० अंशांचे नऊ लिटर पाणी उकळीला येईल. आणि हे एकदा थांबण्याचे झाले! फ्रान्समधील ल माँ येथील शर्यत चोवीस तासांची असते. प्रतिस्पर्धी जॅग्वारला थंड राहणारे डिस्क ब्रेक होते, मर्सिडीजला जुने ड्रम ब्रेक. म्हणून ऊलेनहाउट व सहकाऱ्यांनी चालकाच्या मागे एक मोठा पत्रा बसवला. दांडा ओढला की तो उभा राही व वारा अडवी. पत्र्याचे क्षेत्रफळ ०.७ चौ. मी. धरले, तर वरील वेगाला सुमारे २,००० न्यूटनचा रोध मिळतो; जणू दोन क्विंटलचे ओझे गाडीला मागे ओढते आहे. वेग निम्मा झाला की रोध चौथा हिस्सा उरतो. म्हणजे सर्वाधिक गरज असते तेव्हाच हा ब्रेक सर्वाधिक उपयोगी!

११ जून १९५५. ल माँच्या अरुंद रस्त्यावर एक जॅग्वार थांब्याकडे वळण्यासाठी मंदावली. तिच्या मागची ऑस्टिन-हीली बाजूला झाली, ती नेमकी पिएर लव्हेग यांच्या मर्सिडीजच्या वाटेत. मर्सिडीज तिच्या मागच्या उतरत्या भागावर चढून हवेत उडाली व प्रेक्षकांलगतच्या बांधावर आदळली. इंजिनासह तिचे तुकडे गर्दीत घुसले. लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले.

गाडीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. घनता पाहा: लोखंड ७.९, ॲल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम फक्त १.७. हलकेपणासाठी त्याची निवड झाली. पण प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत डोळे दिपवीत जळताना तुम्ही पाहिली असेलच. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकले, तर ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. तो स्वतःच पेट घेतो. त्या दिवशी आगीवर पाणी मारले गेले आणि ज्वाळा आणखी भडकल्या. कार्बन डायऑक्साइडही येथे चालत नाही, त्यातही मॅग्नेशियम जळते. कोरडी वाळू हाच त्यातल्या त्यात साधा उपाय. हे रसायनशास्त्र तेव्हाही शाळेच्या पुस्तकात होते. बांधाजवळ मात्र वाळूची व्यवस्था नव्हती, आणि प्रेक्षक व गाड्या यांच्यामध्ये भक्कम भिंतही नव्हती. माझ्या मते खरी चूक धातूची नव्हे, या दोन गोष्टींची.

मर्सिडीजने त्याच रात्री आपल्या उरलेल्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या आणि १९५५ चा हंगाम संपताच शर्यतींचा निरोप घेतला. पुढच्या वर्षासाठी बांधलेल्या दोन बंद टपाच्या गाड्या कोणत्याही शर्यतीत न उतरताच राहिल्या. त्यांपैकी एक ऊलेनहाउट कामासाठी वापरू लागले. आवाज रस्त्यावर सोसवेना, म्हणून तिच्या कुशीला सुटकेसएवढा आवाजरोधक डबा जोडला गेला. हीच ती जोडी.

२०२२ च्या विक्रीतून आलेला पैसा कंपनीने पर्यावरणविज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी म्हणून बाजूला काढला. दुसरी गाडी कंपनीने विकली नाही. ती तिच्याच मालकीची आहे.