कुंभकोणमला कोणती चेरी?

तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातले कुंभकोणम म्हणजे कावेरीचा गाळ, भाताची खाचरे आणि केळीच्या बागा. इथल्या परसात काश्मीरची गोड चेरी लावण्यात अर्थ नाही. फळ हवे असेल तर बार्बाडोस चेरी, म्हणजे ॲसेरोला लावावी. अडचण मातीची वा पाण्याची नाही, ती कळीत आहे. गोड चेरीची कळी हिवाळ्यात झोपी जाते आणि सुमारे ७ अंश सेल्सिअसखालची थंडी पुरेशी मिळाल्यावरच जागी होते. बहुतेक जातींना अशी ८०० ते १,२०० तास थंडी लागते. तेवढ्या काळात कळीची वाढ रोखून धरणारी जनुके हळूहळू शांत होतात. थंडी कमी पडली, तर पालवी उशिरा आणि विरळ फुटते, फळ धरतच नाही. कुंभकोणमला जानेवारीची पहाटसुद्धा २० अंशांच्या आसपास असते.

यावर कोणी म्हणेल, की हिमाचलच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारे सफरचंद घडवले, मग चेरी का नको? कॅलिफोर्नियातल्या ‘रॉयल ली’ आणि ‘मिनी रॉयल’ या चेरींना दोन-तीनशे तासांची थंडीही पुरते, हे खरेच आहे. पण कमी थंडी आणि मुळीच नसलेली थंडी यांत मोठा फरक आहे. शिवाय चेरीला उन्हाळाही बाधतो. पुढच्या वर्षीची फुले कळीत आकार घेत असताना पारा ३० अंशांवर राहिला, तर एका फुलात दोन स्त्रीकेसर तयार होऊन जोडफळे धरतात. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात पारा त्याच्याही बराच वर असतो.

ॲसेरोलाला थंडीची गरजच नाही. ती मूळची कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिकेकडची. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत तिला तीन-चार आठवडे पुरतात. १९४६ च्या सुमारास प्वेर्तो रिकोत तिच्यातले क जीवनसत्त्व मोजले गेले, तेव्हा संशोधक चकित झाले. १०० ग्रॅम फळात ते हजार मिलिग्रॅमहूनही जास्त भरते. संत्र्यात जेमतेम ५०. तिच्यावरचे आक्षेपही खरे आहेत. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लांबच्या बाजारासाठी ही बाग करू नये. मुळांवर सूत्रकृमी गाठी धरतात, आणि ईशान्य मोसमी पावसात पाणी साचले तर झाड खंगते. म्हणून उंच वाफा करून छाट कलम किंवा गुटी कलम लावावे. रोपवाटिकेत ‘चेरी’ या नावावर जाऊ नका, शास्त्रीय नाव विचारा: ‘माल्पिघिया’ असेल तर घ्या, ‘प्रुनस’ असेल तर परत ठेवा.