खुलासा लिहिताना

मी मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे वाड्यात कुणाला कचेरीची ‘कारणे दाखवा’ नोटीस आली की ती माझ्याकडे येते. तोवर त्या घरची चूल थंडावलेली असते. पहिला विचार एकच : माफी मागून मोकळे व्हावे! मी म्हणतो, थांबा. नोटीस हा आरोप आहे, निकाल नव्हे; आणि न केलेल्या गुन्ह्याचा माफीनामा उद्या कबुलीजबाब ठरेल.

आधी मुदत पाहा. आरोपामागच्या कागदांच्या नकला लेखी मागा. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्या, पोच घ्या. चौकशीला हजर राहा, नाहीतर ती एकतर्फी उरकेल. साक्षीदारांची उलटतपासणी सोडू नका. वाचल्याखेरीज सही करू नका.

सरकारी नोकराला, मोजके अपवाद सोडता, चौकशीवाचून बडतर्फ करता येत नाही. घटनेचे ३११ वे कलम तसे सांगते. नोकरी सरकारी असो वा खाजगी, चौकशी अधिकाऱ्याने दोषी ठरवले तरी निर्णयापूर्वी त्याचा अहवाल नोकराला मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली करुणाकर खटल्यात ठरवून दिले. तेव्हा तोही मागा.

विशेषणे कवितेत शोभतात. खुलाशात तारीख, घटना आणि पुरावा हवा.