वाळूची टेकडी आणि चार चाकांची बाईक : मुलांना काय सांगाल?



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी मी मुलांना 'सुट्टीत काय केलंत' हे सांगायला लावतो. भिवंडीतली आमची मुलं कोणी गावी जातात, कोणी अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर. अलीकडे काही कुटुंबं थेट जैसलमेरजवळच्या समच्या वाळवंटापर्यंत जातात. यंदा आठवीतला एक मुलगा हात गळ्यात बांधून आला. एटीव्हीवर, म्हणजे रुंद टायरांच्या चार चाकी बाईकवर, वडिलांच्या मागे बसून तो वाळूची टेकडी चढत होता. अर्ध्यावर गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. वडिलांनी घाबरून हँडल वळवलं, गाडी आडवी झाली आणि उलटली. हातावर निभावलं.

"सर, चार चाकं होती ना, मग पडली कशी?" हा त्याचा प्रश्न. आजचा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या वडिलांसाठी आहे.

टेकडीला दोन बाजू असतात

आपल्याकडे कशेळी-काल्हेरच्या खाडीकाठी किंवा कुठल्याही बांधकामावर रेतीचा ढीग पाहा. वरून कितीही रेती ओता, ढीग ठरावीक उतारापेक्षा जास्त उभा राहत नाही. रेती घसरते आणि पुन्हा तोच उतार तयार होतो. कोरड्या वाळूसाठी हा कोन साधारण ३० ते ३४ अंश असतो. तुलनेसाठी सांगायचं तर घाटातल्या गाडीरस्त्याचा चढ साधारण ४-५ अंशांचा असतो.

वाळवंटातली टेकडी वारा घडवतो. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू सौम्य, १०-१५ अंशांची आणि बऱ्यापैकी घट्ट असते. माथा ओलांडून वाळू पलीकडे सांडते. ती बाजू उभी आणि भुसभुशीत असते. म्हणून चढायचं ते सौम्य बाजूने. आणि हेही लक्षात ठेवायचं की माथ्यापलीकडे बहुधा घसरडा उतार वाट पाहतोय. भर दुपारी सावल्या नसतात, त्यामुळे हा कडा डोळ्यांना दिसतही नाही.

वेगाचं गणित

नववीच्या विज्ञानात आपण गतिज ऊर्जा शिकवतो. ताशी २० किमी वेगाने आलेल्या गाडीचं इंजिन पायथ्याशीच बंद केलं, तर घर्षण धरलं नाही तरी ती जेमतेम दीड मीटर उंची गाठेल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० किमी केला तर उंची चौपट होते, सहा मीटरच्या थोडी वर. वाळू टायरला धरून ठेवते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच. उरलेलं काम इंजिनाचं. पण चढावर मध्येच जोरात ॲक्सिलरेटर दिला तर चाकं जागीच फिरतात आणि खड्डा करून रुततात.

म्हणजे गिअर आणि वेग पायथ्याशी, सपाटीवर ठरवायचा. चढताना सरळ रेषेत जायचं, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा आणि अंग पुढे झुकवायचं. माथ्याजवळ हळूहळू वेग कमी करायचा. पलीकडून दुसरी गाडी येत असू शकते, म्हणूनच गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात. सगळ्यात उत्तम म्हणजे आधी पायी चढून पलीकडे पाहून यायचं.

चार चाकं असूनही गाडी का उलटते?

वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा तिच्या पायाच्या आत असेल तोवर ती उभी राहते. एटीव्हीची चाकं लांबीपेक्षा रुंदीत जवळ असतात आणि चालवणारा उंचावर बसतो. गाडी चढावर आडवी झाली की ती रेषा खालच्या चाकांकडे सरकते. भार आल्याने ती चाकं वाळूत आणखी रुततात, गाडी अजून कलते आणि उलटते. आपल्या मुलाच्या बाबतीत बहुधा हेच झालं.

मागे दुसरा माणूस बसला की गुरुत्वमध्य मागे जातो आणि चढावर पुढची चाकं हलकी होऊन उचलली जातात. म्हणून एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर एकच माणूस. बाळाला पुढे टाकीवर बसवून फोटो काढणं तर नकोच.

अर्ध्यावर थांबलात तर

पालकहो, हा भाग दोनदा वाचा. वर न पोचणं हा अपघात नव्हे. अर्ध्यावर घाईने वळणं हाच अपघात.

- गाडी थांबतेय असं वाटलं की वजन चढाकडे ठेवा आणि ब्रेक दाबा. थांबली की पार्किंग ब्रेक लावा.
- मागे सरकू लागली तर ॲक्सिलरेटर देऊ नका. मागचा ब्रेक एकदम दाबू नका, गाडी मागे उलटते. पुढचा ब्रेक हळूहळू दाबा. पूर्ण थांबली की मग मागचा.
- गाडी सरळ असेल तर बाजूने उतरा, तिरकी असेल तर चढाच्या बाजूने. खालच्या बाजूला कधीच नाही.
- गाडी ओढायला गाडीवाल्या माणसाला बोलवा. यात कमीपणा काही नाही.

मुलांचं काय?

मोठ्यांची एटीव्ही १६ वर्षांखालील मुलांसाठी नाही. अमेरिकेत मोठ्यांच्या गाड्यांवर उत्पादक तसा इशारा चिकटवतात. तिथे तीन चाकी एटीव्हीही विकल्या जायच्या. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये कंपन्यांना त्यांची विक्री थांबवावी लागली. गाडी भाड्याने देणारा 'काही होत नाही' म्हणाला तरी हेल्मेट, बूट आणि लांब बाह्यांचे कपडे मागायचेच.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट. भरतीरेषेपलीकडच्या, मर्यादवेलीने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या गावाला समुद्रापासून राखतात. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत त्यांना संरक्षण आहे. त्यांच्यावर गाडी घालायचीच नाही.

वर्गात करून पाहा

कागदाच्या नरसाळ्यातून कोरडी रेती सोडा, ढिगाचा कोन कोनमापकाने मोजा. मग त्यावर खेळण्यातली गाडी आधी सरळ, मग आडवी ठेवा आणि हलकेच रेती हलवा. आमच्या वर्गात हा प्रयोग त्याच मुलाने, एका हाताने करून दाखवला. आडवी ठेवलेली गाडी कलंडली तेव्हा तो म्हणाला, "सर, हे पप्पांना दाखवायला हवं होतं." सहलीचं संमतिपत्र भरण्याआधी तुम्हीही घरी हा प्रयोग करून पाहा.