ट्रॉलीचा ब्रेक कुणी बघायचा?

उसाचा हंगाम सुरू झाला की कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या रस्त्यांवर दोन गर्दी एकमेकींत मिसळतात. शिफ्ट सुटून दुचाकीवरून कसबा सांगाव, तळंदगे, हुपरीकडे निघालेले कामगार, आणि त्यांच्यामधून हेलकावत चाललेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. एका अंगाला कागलचा शाहू साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला हुपरीचा जवाहर. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, ही तक्रार दरवर्षी होते आणि ती रास्तच आहे. ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना तो नसतोच.

‘ट्रॅक्टरला आहे की!’ हे ठरलेलं उत्तर. ढोबळ हिशेब मांडून बघा. तीन टनांचा ट्रॅक्टर ताशी 25 किलोमीटर वेगात असताना एकटा आठेक मीटरमध्ये थांबतो असं धरू. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे 18 टन जोडले की वजन सातपट झालं, ब्रेक तेवढाच राहिला. ट्रॉलीच्या चाकांचं घर्षण मदतीला धरलं, तरी थांबायला चाळीसेक मीटर लागतात. वेग दुप्पट केला तर अंतर चौपटीच्या आसपास जातं. उतारावर तर हिशेबच कोलमडतो. शंभर मीटरला चार मीटर उतार असला की ब्रेकचा बहुतेक जोर गाडी आणखी पळू नये यातच संपतो.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. त्याची पेडलही दोन, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात जागच्या जागी वळायला ते सोयीचं. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीनं जोडायची असतात. ती पट्टी लावायची राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो. मागून 18 टन ढकलतच असतात. मग ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते.

यावरचा उपाय जुना आहे. युरोपात बोट किंवा कॅरॅव्हॅन ओढायची असेल तर ट्रेलरचं कमाल भारित वजन 750 किलोंच्या वर गेलं की त्याला स्वतःचा ब्रेक लागतो. त्यातला साधा प्रकार धक्क्यावर चालतो. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, त्याचा दांडा आत सरकतो, दांड्याला जोडलेली तार ओढली जाते आणि ड्रममधले लायनर फाकतात. जितका रेटा जास्त, तितका ब्रेक घट्ट. मागे घेताना तो अडू नये म्हणून वेगळी सोय करावी लागते. उसाच्या जड ट्रॉल्यांना ट्रॅक्टरवरून चालणारा हायड्रॉलिक किंवा एअर ब्रेक जास्त भरवशाचा. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना हवा.

ब्रेक नसल्याची आणखी एक खूण रस्त्यावर पडलेली दिसते. चढावर पंक्चर झालं, पाटा तुटला, की ड्रायव्हर ट्रॉलीच्या चाकाला दगड लावतो. दुरुस्ती झाली की गाडी जाते, दगड तिथंच राहतो. रात्रपाळीहून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो अंधारात दिसत नाही.

ओतकाम आणि मशीनिंगसाठी देशभर नाव असलेल्या कोल्हापुरात ट्रॉलीचा ब्रेक ही तांत्रिक अडचण असूच शकत नाही. प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो एकट्या ट्रॉलीमालकावर टाकून चालणार नाही. हंगामाच्या कितीतरी आधी कारखाने वाहतूकदारांशी करार करतात, उचल देतात. त्याच वेळी दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक बसवण्याची अट घालावी, लागणारी रक्कम उचलीत वाढवून द्यावी, आणि पहिली खेप काट्यावर चढण्याआधी, भरलेल्या ट्रॉल्यांसह गाडी आवारात पळवून ती किती अंतरात थांबते ते मोजावं.