भेकर : मृगशृंगांची पारख

भेकर हे समखुरी गणाच्या सर्व्हिडी कुलातील लहान हरिण असून कुत्र्याच्या भुंकण्यासारख्या आवाजावरून ते ओळखू येते. सातारा व सांगली जिल्ह्यांत ते पश्चिमेकडील कोयना व चांदोलीच्या दाट जंगलांत राहते. पूर्वेकडील आटपाडीचे पर्जन्यछायेतील उघडे माळरान त्याला मानवणारे नाही.

शिकारीच्या काळात नराच्या डोक्याची प्रत मुख्यतः मृगशृंगांच्या लांबीवरून ठरवीत. येथेच नवख्या शिकाऱ्याची फसगत होई. नराच्या चेहऱ्यावरील हाडांचे दोन कंगोरे वर वाढून केसाळ कातडीने आच्छादलेले लांब खुंट बनतात व त्यांच्या टोकांवर मृगशृंगे येतात. दुरून हे सर्व एकच शिंग भासते. मोजणी मात्र खुंटाच्या टोकावरील खडबडीत कड्यापासून वरच्या भागाचीच करतात व हा भाग क्वचितच १३ सेंमी.पेक्षा लांब असतो. मृगशृंगे गळून पुन्हा नवी येतात, खुंट कायम राहतो. पण प्रत्येक गळतीबरोबर तो किंचित आखूड व जाड होतो. त्यामुळे लांब, बारीक खुंट कोवळ्या वयाचे लक्षण होय. भव्य वाटलेले डोके अनेकदा अशा तरुण नराचेच निघे. शिवाय झुंजीतील प्रमुख शस्त्र म्हणजे वरचे सुळे. नराचे बळ केवळ मृगशृंगांवरून कळत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या १९९१ मधील दुरुस्तीने परवान्यावरील शिकार संपुष्टात आली. आता हीच लक्षणे छायाचित्रांतील नराच्या वयाचा अंदाज बांधण्यास उपयोगी पडतात.