टक्के भरपूर, सीईटी बेताची : पोराच्या इंजिनिअरिंगसाठी वावर विकू नका

२०२५ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी झाली, धुऱ्यावर चहा झाला, पण शेतकऱ्याचं मन काही पिकात नव्हतं. शेवटी तो बोलला, "साहेब, पोराले बारावीत ८४ टक्के भेटले, पण सीईटीत ६६ च आले. पुन्याच्या कॉलेजात सीट पक्की करून देतो म्हन्ते एक जन, दोन लाख मांगते. एक एकर काढून टाकाव म्हन्तो."

मी कृषी पदविकावाला माणूस, इंजिनिअरिंगचा सल्लागार नव्हे. पण वावर विकायची भाषा ऐकल्यावर गप्प बसवलं नाही. त्या निमित्ताने जी माहिती गोळा केली ती इथे देतो आहे. आपल्याही घरात किंवा गावात असा विद्यार्थी असेलच.

आधी ६६ चा अर्थ समजून घ्या

सीईटीचे ६६ म्हणजे ६६ टक्के नव्हेत. ते पर्सेंटाइल आहे. शंभर पोरांत साधारण ६६ जण त्याच्याएवढे किंवा त्याच्या खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची गुणवत्ता यादी या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते : विज्ञान गटात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. त्यामुळे बोर्डातले ८४ टक्के इथे वजन टाकत नाहीत. पोरगं हुशार नाही असा याचा अर्थ लावू नका. बोर्डाचा पेपर लिहिणं वेगळं आणि तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवणं वेगळं. त्या दीडशेत गणिताच्या ५० प्रश्नांना दोन-दोन गुण असतात, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. २०२६ च्या प्रवेशापासून ही परीक्षा दोनदा घेण्याचं आणि चांगला निकाल धरण्याचं शासनाने जाहीर केलं आहे. पहिल्यांदा गुण कमी पडले तर दुसरी संधी सोडू नका.

कॉलेज निवडताना उगवण तपासा

सोयाबीनची पिशवी कितीही चकचकीत असली तरी आपण ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून उगवण पाहतो. सत्तरच्या खाली आली तर ते बियाणं पेरत नाही. कॉलेजचंही तसंच करा.

पहिली गोष्ट, मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी पाहा. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. यादीतल्या कोडमध्ये 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या भागातली जागा, 'ओ' म्हणजे बाहेरच्यांसाठी आणि 'एस' म्हणजे साऱ्या राज्यासाठी. 'एल' ने सुरू होणारा कोड मुलींचा. अकोल्याचा पोरगा अमरावती विद्यापीठाच्या भागात 'एच' मध्ये मोडतो. पुण्याला गेला की तोच 'ओ' होतो.

दुसरी गोष्ट, कॉलेज आणि शाखा यांचा मेळ घाला. सगळ्यांना कॉम्प्युटर हवं, म्हणून त्याचा कट-ऑफ चढतो. त्याच कॉलेजात सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलचा बहुधा खाली असतो. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं. बडनेरा आणि बाभुळगावलाही कॉलेजं आहेत. त्या त्या शाखेला एनबीएचं मानांकन आहे का, प्रयोगशाळा चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघा. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी बोला.

तिसरी गोष्ट, पसंतीक्रम. २०२५ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहापैकी मिळालेली जागा घेणं बंधनकारक होतं. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही ते नाव वर लिहू नका. त्या वर्षीचे नियम आधी वाचा, मगच फॉर्म पक्का करा.

मार्कांचा रस्ता : पॉलिटेक्निक

दहावीला चांगले टक्के मिळवणारं पोरगं घरात असेल तर हे नीट वाचा. पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, सीईटी लागत नाही. डिप्लोमा तीन वर्षांचा. पुढे डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथेही सीईटी नाही. आता हिशेब करा : अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, झाली सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि पुढची तीन, झाली सहाच. वर्ष वाया जात नाही आणि मध्येच घरची अडचण आली तरी हातात डिप्लोमा असतो. अकोल्याला आणि अमरावतीला शासकीय पॉलिटेक्निक आहे.

बारावी विज्ञान झालेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यात एक वर्ष जास्त लागतं, हे मात्र आधी धरून चला.

पैशाची बाजू

जागा विकायचा कोणालाही अधिकार नाही. देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

उलट सवलती आपल्याच पदरात पडत नाहीत. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्कात सवलत मिळते. इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून त्याच उत्पन्न मर्यादेत पूर्ण शुल्कमाफी आहे. अल्पभूधारकांच्या पोरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

गावच्या अधिकाऱ्यांना विनंती

फॉर्मची धांदल ऐन पेरणी-डवरणीत येते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता यांतला एक कागद राहिला तरी पोरगं राखीव जागेवरून खुल्या जागेवर जातं. ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी मार्च-एप्रिलमध्येच बारावीच्या पोरांची यादी करावी. सरपंचांनी एक दवंडी द्यावी. जात वैधतेला महिने लागतात, तो अर्ज तर अकरावीतच टाकावा.

बार्शीटाकळीच्या त्या पोराचं सांगायचं राहिलं. आम्ही तिघं एक संध्याकाळ कट-ऑफ यादी घेऊन बसलो. पुण्याचं नाव खोडलं. आपल्याच विभागातल्या एका कॉलेजात तिसऱ्या फेरीत इलेक्ट्रिकलला त्याचा नंबर लागला. शनिवारी एसटीने घरी येतो, आल्यावर मोटारपंपाचं स्टार्टर उघडून बसतो. धाकटा यंदा दहावीला आहे, त्याच्यासाठी बापाने पॉलिटेक्निकची चौकशी आताच सुरू केली आहे.

विकायला काढलेल्या त्या एकरात या हंगामात तूर उभी होती.