डोंगरी सायकल कशी जुळवतात

जाड टायरांची, गिअरची सायकल आता आपल्या खेड्यांतही दिसते. ती डोंगरी सायकल. मूळची अमेरिकेची. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातले काही तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन डोंगर उतरत. सायकली टिकत नसत, म्हणून त्यांनी मजबूत सायकली घडवल्या. आज त्या आपल्याकडे पंजाबात, लुधियाना शहरातही तयार होतात.

कारखान्यात नळ्या जोडून सांगाडा करतात. रंग देऊन तो भट्टीत तापवतात. मग माणसं आपापल्या जागी उभी राहतात आणि सांगाडा त्यांच्यापुढून सरकत जातो. एक जण चिमटा बसवतो, दुसरा ब्रेक, तिसरा चेन.

खरी कसोटी मात्र चाकाची. बत्तीस किंवा छत्तीस तारा असतात. जाडी फक्त दोन मिलिमीटर! तरी त्या माणसाचं वजन पेलतात. कशा? तर बाजेच्या सुतळीसारख्या त्या ताणून बसवलेल्या असतात. एक तार सैल आणि शेजारची घट्ट झाली, की रिम वाकडी फिरते. मग चाक फिरवत, तारेच्या टोकाचं निपल थोडं थोडं आवळत त्याचा आऊट काढतात. आता हे काम यंत्रही करतं. पण हाताची पारख आम्हांला जास्त मोलाची वाटते. ताण नीट नसेल, तर उतारावरच्या दगडांच्या हिसक्यांनी तारा तुटतात. मग बसणाऱ्याचं काय होईल, सांगायला नको.

सायकल खोक्यात भरताना हँडल वळवतात. पुढचं चाक आणि पायडलं काढून ठेवतात. म्हणजे शेवटची जुळणी गावच्या दुकानातच होते. घोटाळा होतो तो इथं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते सैल झालं असतं. हे न जाणता कोणी जोर लावला, तर आटे कापले जातात. चिमटाही कधी कधी उलटा बसवतात. चाकाचा आस चिमट्याच्या जरा पुढे हवा, मागे नको.

म्हणून पैसे मोजण्याआधी पुढचं चाक उचलून फिरवा. रिम आणि चिमटा यांतलं अंतर फिरताना सारखं राहिलं पाहिजे. कमीजास्त होत असेल, तर आऊट काढून मागा. दुकानदार म्हणेल, चालवता चालवता बसेल. ते तसं बसत नाही.